सॅक्सोफोन आणि ड्रम्स, तिसरं कुणी नाही: काहीच न ठरवता दोघांनी वाजवायचं कसं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सॅक्सोफोन आणि ड्रम्स. बास नाही, पियानो नाही, बांधलेली धून नाही, ठरवलेला ताल नाही. दोघंच समोरासमोर, आणि पहिला आवाज निघेपर्यंत काय वाजणार हे दोघांनाही ठाऊक नाही. जॅझवर बोलणं निघालं की या प्रकारापाशी येऊन चर्चा "याला संगीत म्हणायचं का" या फाट्यावर जाते. तो वाद कृपया दुसरीकडे घालू. हा धागा वाजवणाऱ्यांसाठी आणि वाजवणाऱ्याच्या कानाने ऐकू पाहणाऱ्यांसाठी आहे: जागा, वाद्यं, सराव, काय बिघडतं आणि का.

ऐकायची सुरुवात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या १९५९च्या 'काउंटडाउन'पासून करा. आर्ट टेलरचे ड्रम्स एकटे सुरू होतात, त्यात कोल्ट्रेनचा टेनर सॅक्स उतरतो, पियानो आणि बास बरेच उशिरा येतात. तिथे सुरावटीचा सांगाडा पक्का आहे, पण कान दोघांवरच ठेवायची सवय लागते. मग १९६५चं 'व्हिजिल', कोल्ट्रेन आणि ड्रमर एल्विन जोन्स. आणि त्यानंतर २२ फेब्रुवारी १९६७ रोजी रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत ड्रमर रशीद अलीबरोबर केलेलं 'इंटरस्टेलर स्पेस'. त्याच जुलैत कोल्ट्रेन गेला, तबकडी १९७४ला बाहेर आली.

'व्हिजिल' आणि 'इंटरस्टेलर स्पेस'मधलं 'मार्स' पाठोपाठ ऐका. एल्विनच्या वाजवण्यावर पाय रोवून उभं राहता येतं, ठोका कुठे आहे ते शोधलं तर सापडतं. अलीच्या वाजवण्यात तो एका जागी सापडत नाही. राइड (मोठी झांज), स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) चौघंही आपापल्या वेगाने पुढे सरकतात आणि त्यांचे जोरकस ठोके मुद्दाम एकमेकांवर पडू दिलेले नाहीत. त्यामुळे कोल्ट्रेनला कुठल्याही क्षणी वाक्य सुरू करता येतं. "आत्ता सुरुवात चुकली" असं कुठेच होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बास नसल्यामुळे तो खालच्या पट्टीत एक तुकडा वाजवून वरच्या पट्टीत स्वतःच त्याला उत्तर देतो, एकाच वाद्यातून दोन माणसं बोलल्यासारखी. वाजवायला बसलात तर ही युक्ती पहिल्याच आठवड्यात कामाला येईल.

---

तिस्रजाती

उत्तम विषय. तबल्याच्या बाजूने एक सरळ प्रश्न. आपल्याकडे सवाल-जवाब आहे, लडंत आहे, उपज आहे. पण सगळं समेला बांधलेलं. सम चुकली की श्रोत्यालाही कळतं. इथे समच नाही. मग चुकलं हे कळायचं कसं? की काहीही चालतं?

---

मंद्रसप्तक

@तिस्रजाती, काहीही चालत नाही, आणि चुका मोजताही येतात. वाजवलेलं रेकॉर्ड करा, घड्याळ लावून ऐका आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली, एकाने मोठा बदल केला (वाद्याचा रंग, जोर, दाटपणा काहीही) आणि दुसऱ्याला तो उमगायला किती सेकंद लागले. तीन-चार सेकंद ठीक. वीस-तीस सेकंद दुसरा जुन्याच वाटेवर असेल आणि तसं त्याने ठरवून केलेलं नसेल, तर ती चूक आहे. दुसरी, एकाने दुसऱ्याला किती वेळ झाकलं. ड्रम्सच्या झांजेखाली सॅक्सची बोटं हलताना दिसतात पण ऐकू काही येत नाही, असा प्रत्येक पट्टा लिहून काढा. तिसरी, बदल कुणी सुरू केला. दहा मिनिटांत बारा बदल झाले आणि त्यातले अकरा सॅक्सने सुरू केलेले असतील, तर तुम्ही साथ ऐकताय, दोघांचं वाजवणं नव्हे.

यात तुमच्यासारख्या तालीम झालेल्या हातांची एक खास अडचण येते, ती मोकळेपणाने सांगतो. सॅक्सने एखादा लयदार तुकडा टाकला की तबलजीचा हात तोच तुकडा लगेच परत देतो. मैफलीत त्यावर दाद मिळते. इथे तसं दर वेळी झालं की तिसऱ्या मिनिटाला सगळं संपतं, कारण सॅक्सवाल्याला कळतं की जे टाकीन ते जसंच्या तसं परत येणार. ऐकलंय हे दाखवण्यासाठी उत्तर द्यावं लागत नाही. त्याने दाट वाजवलं आणि तुम्ही थांबलात, तर तेही ऐकूनच केलेलं असतं. दुसरी अडचण तिहाईची. तीन वेळा तोच तुकडा आला की शरीर समेवर उतरतं आणि समोरचाही नकळत तिथेच थांबतो. म्हणून सुरुवातीला एक काटेकोर नियम पाळावा: कोणताही तुकडा दोनदा चालेल; तिसऱ्यांदा वाजवायचा असेल तर ठरवून, आणि मग तीनवर न थांबता बारा-पंधरा वेळा.

---

ब्रश_आणि_रूळ

वरचा नियम सेटवर बसणाऱ्यांनाही तेवढाच लागू आहे. ड्रमरचा ठेका म्हणजे राइडवरचा 'डिंग-डिंगाडिंग' आणि दोन-चारवर पायाने मिटणारी हाय-हॅट. ही हाय-हॅट सगळ्यात चिवट. हात मोकळे झाले तरी डावा पाय दोन-चार मोजतच राहतो आणि ऐकणाऱ्याला ताल सापडतो. उपाय साधा आहे: पहिले काही आठवडे हाय-हॅटचा क्लच (वरची झांज धरणारा पेच) सैल करून पायाखालून काढूनच टाका, किंवा पाय फक्त उघडण्यासाठी वापरा, मिटण्यासाठी नाही.

सेट छोटा ठेवा. १८ इंची किक, १४ इंची स्नेअर, १२चा रॅक टॉम (वर टांगलेला ड्रम), १४चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा ड्रम), एक २० किंवा २२ इंची पातळ राइड, एक जुनी क्रॅश (जोरदार फटक्याची झांज). किकमध्ये उशी कोंबू नका. दोन्ही कातडी बऱ्यापैकी चढवून, खुली ठेवा, म्हणजे तिला सूर असतो आणि ती बासची थोडी जागा भरते. रॉकसारखी मेलेली, 'थप्प' वाजणारी किक या जोडीत फार उघडी पडते.

लंडनमध्ये ड्रमर जॉन स्टीव्हन्सने स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल या आपल्या गटासाठी मुद्दाम लहान, हलक्या आवाजाचा सेट वापरला. १९७३च्या 'फेस टू फेस'मध्ये तो आणि ट्रेव्हर वॉट्स (सोप्रानो सॅक्स) समोरासमोर बसलेले आहेत. तिथे ड्रम्स सॅक्सपेक्षा मोठे कधीच होत नाहीत. मोकळं वाजवणं म्हणजे आरडाओरडा असा समज असेल तर हे आधी ऐका.

स्टीव्हन्सचे दोन व्यायाम आजही सर्वात उपयोगी आहेत. 'क्लिक पीस'मध्ये प्रत्येकाने शक्य तितका लहान आवाज काढायचा, सॅक्सने जिभेचा नुसता टिचका, ड्रमरने काडीच्या टोकाचा स्पर्श, आणि दोघांच्या टिचक्यांमधून जी जाळी विणली जाते ती ऐकायची. 'सस्टेन्ड पीस'मध्ये उलट: एका श्वासात आरामात जेवढा टिकेल तेवढा एकच स्वर, मग श्वास, मग पुढचा. ड्रमरने इथे मऊ मॅलेटचा (गोळा असलेल्या काडीचा) रोल किंवा धनुकलीने झांज घासायची, पण स्वतःचा श्वास सोडता सोडता. श्वास संपला की हात थांबला पाहिजे.

हे शेवटचं मला या सगळ्यात कळीचं वाटतं. सॅक्सला श्वास घ्यावा लागतो, ड्रम्सना लागत नाही. म्हणून दहा मिनिटांत जेवढ्या फटी पडतात त्या सगळ्या सॅक्सच्या असतात आणि ड्रम्सची अखंड भिंत मागे उभी राहते. ड्रमरने उच्छ्वासावर वाजवायचा सराव रोज दहा मिनिटं केला, तर दोन आठवड्यांत वाजवण्याला वाक्यं येतात.

---

कळफलक_ठाणे

+१. एक नेहमीची अडचण विचारते. टेनर वाजायला लागला की स्नेअरची तार आपोआप 'झर्रर्र' करते. हळू वाजवताना तर फारच. स्नेअर खराब आहे की बसायची जागा चुकतेय?

---

ब्रश_आणि_रूळ

ताई, दोन्ही नाही. हा अनुनाद आहे. १४ इंची स्नेअरचा मूळ सूर साधारण १८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि टेनरचा मधला भाग नेमका तिथेच आहे. टेनरवर वाजवलेला मधला 'ए' प्रत्यक्षात 'जी' ऐकू येतो, १९६ हर्ट्झ. हवा हलली की खालचं पातळ कातडं हलतं आणि तारा त्यावर नाचतात.

आधी दोषी स्वर शोधा. तारा चालू ठेवून सॅक्सने मीटरभरावरून खालपासून वरपर्यंत एकेक अर्धस्वर चार सेकंद धरायचा. दोन किंवा तीन स्वरांवर झर्रर्र एकदम वाढेल. ते लिहून ठेवा. मग स्नेअरच्या खालच्या कातड्यावर, तारांच्या दोन्ही टोकांना लागून जे चार बोल्ट असतात ते पाव फेरा सैल करा. बाकीच्यांना हात लावू नका. बहुतेक वेळा आवाज निम्म्याने उतरतो. तरी राहिला तर वरचं कातडं थोडं चढवा. झर्रर्र नाहीशी होत नाही, पण दुसऱ्या, कमी वापरातल्या स्वरावर सरकते. तारा फार ताणून प्रश्न सोडवायला जाऊ नका, हळू वाजवताना स्नेअर घुसमटते.

हळू भागात तारांचा खटका पाडून ठेवणं हा सर्वात सोपा मार्ग. फक्त तो खटका स्वतः टक्कन वाजतो, आणि शांततेत तो टक्क कुठल्याही ठोक्याएवढाच मोठा असतो. तो हाताने धरून सावकाश खाली आणायचा सराव करा.

आणि एवढं सगळं कळल्यावर तो अनुनाद वापरायलाही शिका. टेनरचा सगळ्यात खालचा 'बी-फ्लॅट' प्रत्यक्षात 'ए-फ्लॅट' असतो, साधारण १०४ हर्ट्झ. फ्लोअर टॉम त्याच्या आसपास लावला आणि सॅक्सच्या घंटेची (खालच्या रुंद तोंडाची) कडा टॉमच्या कातड्यावर वीतभर अंतरावर आणून तो स्वर अगदी हळू फुंकला, की टॉम आपोआप गुणगुणू लागतो. ड्रमर त्या वेळी कातड्यावर बोट ठेवून तो सूर दाबू किंवा सोडू शकतो. दोन माणसं, एकच आवाज.

---

कळफलक_ठाणे

धन्यवाद, हे करून पाहण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

---

वेत_आणि_वारा

सॅक्सच्या बाजूने लिहितो. ड्रम्ससमोर उभं राहिलं की पहिला मोह मोठ्याने फुंकायचा आणि वरच्या पट्टीत पळायचा. पंधरा मिनिटांत ओठ संपतो, मग उरलेला वेळ फक्त किंचाळी. त्याऐवजी आवाजाचे प्रकार वाढवा.

पाया म्हणजे स्वयंभू स्वर (ओव्हरटोन). खालच्या बी-फ्लॅटची बोटं धरून ठेवा, एकही कळ न हलवता फक्त गळा आणि जीभ यांच्या आकारावर क्रमाने काढायचं: सा, वरचा सा, प, त्यावरचा सा, ग, प, आणि जमलं तर किंचित उतरलेला कोमल नी. रोज दहा मिनिटं. ओठ चावून स्वर वर ढकललात तर तो पातळ निघतो आणि ड्रम्सखाली गडप होतो; गळ्याने काढलेला भरीव असतो आणि झांजेच्या पलीकडेही पोचतो.

मग एकाच फुंकीत दोन-तीन स्वर काढणारी वेडीवाकडी बोटं, म्हणजे मल्टिफोनिक्स. तक्ते मिळतात, पण तुमच्या वाद्याला, माउथपीसला आणि रीडला (माउथपीसवरची कंप पावणारी वेताची पट्टी) त्यातले निम्मेच लागू पडतील. स्वतःची वही करा: बोटं कोणती, किती जोरात फुंकल्यावर बोलतं, बोलायला किती वेळ घेतं. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. काही मल्टिफोनिक्स स्थिरावायला अर्धा सेकंद घेतात, त्या अर्ध्या सेकंदात ड्रमरने क्रॅश मारली की ते जन्मतःच मरतं. कोणती बोटं हळू बोलतात ते ड्रमरला एकदा वाजवून दाखवा. त्याला नावं ठाऊक असायची गरज नाही, तुमचे खांदे कसे होतात ते ओळखलं तरी पुरे.

याशिवाय कळांचा नुसता खडखडाट, जिभेचा चापट आवाज, फुंकत असताना गळ्यातून गाऊन काढलेली गुरगुर, नुसती हवा. हवेचा आवाज आणि ब्रशची स्नेअरवरची घासणी इतकी जवळची आहे की डोळे मिटले तर कोण काय वाजवतंय कळत नाही. 'इंटरस्टेलर स्पेस'मधल्या 'व्हीनस'मध्ये अली ब्रश घेतो तेव्हा टेनरचा आवाज किती उघडा, माणसासारखा ऐकू येतो, ते बघा.

रीडबद्दल. अडीच ते तीन नंबरची रीड दोघांच्या वाजवण्यासाठी बरी. दोनची रीड जोरात फुंकली की मिटते, आवाज तुटतो. साडेतीन-चारच्या रीडवर अगदी हळू आवाज निघतच नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वेताची रीड फुगून मऊ होते, पुण्या-नगरच्या कोरड्या थंडीत टोकाला लाटा पडतात. चार रीड आलटून पालटून वापरा, प्रत्येकीवर तारीख लिहा, आणि खिशात एक प्लास्टिकची ठेवा.

चक्रीय श्वसनाचं (नाकाने श्वास घेत फुंक न तोडण्याचं) आकर्षण सगळ्यांना असतं. सॅक्सवादक इव्हान पार्कर सोप्रानोवर ते ज्या उंचीवर नेतो ते ऐकण्यासारखंच आहे. पण या जोडीत त्याची एक किंमत आहे, ब्रश_आणि_रूळ यांनी वर जी फट सांगितली तीच बंद होते. ड्रमरला आत शिरायला जागा राहत नाही. म्हणून दीड-दोन मिनिटांचा एक पट्टा, एका बैठकीत एकदा. त्याहून जास्त नको.

---

तिस्रजाती

मोठ्या आवाजाबद्दल कुणी बोललंच नाही. बंद खोलीत हे सहन कसं होतं?

---

ब्रश_आणि_रूळ

कान गेले की काही परत येत नाही, त्यामुळे हे गांभीर्याने घ्या. कामाच्या जागी वापरतात तो हिशेब: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. १० बाय १२च्या खोलीत सेट आणि टेनर मिळून १०० सहज ओलांडतात. फिल्टरचे कानबोळे घ्या, कापसाचे नकोत, कापूस वरचे आवाज खातो आणि खालचे तसेच सोडतो.

सॅक्सवाल्याला दोन्ही कान बुजवले की स्वतःचाच आवाज दातांच्या हाडातून घुमतो आणि तो नकळत सूर चढवतो किंवा हळू फुंकायला लागतो. त्याने झांजेच्या बाजूच्या कानातच बोळा घालावा.

उभं राहायची जागाही ठरवा. ड्रमर बसलेला असतो, त्याचा कान जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. उभ्या सॅक्सवाल्याच्या टेनरची घंटा मीटरभर उंचीवर, म्हणजे जवळजवळ थेट कानात. दीड ते दोन मीटर अंतर, आणि घंटा ड्रमरच्या खांद्यावरून पलीकडे जाईल एवढा कोन. राइडच्या बाजूला उभे राहू नका. झांजेचा पसरट आवाज सॅक्सचे वरचे स्वयंभू स्वर झाकतो, मग सॅक्सवाला आणखी जोरात फुंकतो, ड्रमर आणखी जोरात मारतो. हाय-हॅटच्या बाजूला उभं राहिलं तर दोघांना दोघं ऐकू येतात.

फरशीची खोली असेल तर सेटखाली जाड सतरंजी आणि दोन कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या. कोपरेच महत्त्वाचे, घुमणारे खालचे आवाज तिथेच साचतात.

---

सनई_चौघडा

माहितीपूर्ण धागा. फुंकवाद्य आणि चर्मवाद्य ही जोडी आपल्याला काही परकी नाही. देवळातला सनई-चौघडा, जागरण-गोंधळातलं संबळ, कुस्तीच्या फडातली हलगी. मोकळ्या वाजवण्याला या अंगाने जावं असं सुचवतो.

---

मंद्रसप्तक

कानाच्या तयारीसाठी नक्कीच. हलगीवर हाताची काडी आणि बोटं मिळून एकाच कातड्यातून किती वेगळे आवाज काढतात ते कुठल्याही ड्रमरने पाहावं. पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. सनईच्या मागे सूर धरणारी दुसरी सनई असते. मुख्य सनईवाला कितीही लांब गेला तरी षड्ज खाली हजर असतो. सॅक्स-ड्रम्समध्ये तो आधार नाही, म्हणून सॅक्सवाला कळत नकळत एखादा स्वर स्वतःचा षड्ज करून त्यावर परत परत येतो. मग राग नसलेला राग सुरू होतो. ते वाईट नाही, पण प्रत्येक वेळी तेच झालं तर कंटाळवाणं होतं. रेकॉर्डिंग ऐकताना सॅक्स कुठल्या स्वरावर वाक्य संपवतोय ते दहा वाक्यांचं लिहा. सात वेळा तोच स्वर आला तर पुढच्या बैठकीत तो स्वर वर्ज्य.

मराठी मातीतला एक थेट दुवा मात्र आहे. त्रिलोक गुर्टू, मुंबईत १९५१चा जन्म, शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. तबल्यावर घडलेला हात, आणि जमिनीवर गुडघे टेकून वाजवायचा स्वतःचा सेट. ते वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात, आणि पाण्यात जाताना झांजेचा सूर वाकत खाली उतरतो. सॅक्सची मींड आणि ही पाण्यातली मींड एकमेकींवर फार सुंदर बसतात. बादली अर्धी भरा, झांज दोरीने धरा, आणि खाली जुना टॉवेल घाला.

---

वेत_आणि_वारा

तालाबद्दल माझा एक आग्रह आहे. पहिले तीन महिने मोजता येणारा ठोका पूर्ण बंद. एकदा ग्रूव्ह (पक्की झुलती लय) लागला की दोघंही त्यात आरामात बसतात, आणि ऐकणं थांबतं.

---

ब्रश_आणि_रूळ

इथे मी सहमत नाही. 'इंटरस्टेलर स्पेस'मधलं 'सॅटर्न' ऐका: अलीच्या ड्रम्सपासून सुरुवात, आणि पुढे चक्क तिनाच्या अंगाने झुलणारी लय येते. १९७८चं मॅक्स रोच (ड्रम्स) आणि अँथनी ब्रॅक्स्टन (सॅक्स) यांचं 'बर्थ अँड रीबर्थ' घ्या, किंवा १९८०ला स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊला ड्यूई रेडमन (सॅक्स) आणि एड ब्लॅकवेल (ड्रम्स) यांनी वाजवलेलं 'रेड अँड ब्लॅक'. ब्लॅकवेलच्या हातात न्यू ऑर्लिन्सची मिरवणुकीची लय आहे, आणि रेडमन त्यावर पूर्ण मोकळा आहे. ठोक्यावर बंदी घातली की 'ठोका टाळणं' हाच नवा ठेका होतो, हात प्रत्येक सरळ जागेपासून ठरवून पळतो आणि तेही तितकंच ओळखीचं होतं.

लय आली तर येऊ द्या. फक्त तिच्यातून बाहेर पडायचा मार्ग दोघांपैकी एकाच्या हातात असू नये. सराव असा: दोन मिनिटं पक्की लय, मग ड्रमरने ती न थांबवता एकेक अवयव गाळायचा, आधी किक, मग डावा हात, शेवटी राइड. सॅक्सने तीच लय आपल्या वाक्यांत धरून ठेवायची. मग उलट.

---

वेत_आणि_वारा

शेवटचा व्यायाम मान्य, तो चांगला आहे. बंदीबद्दलचं मत मात्र कायम. निदान नवशिक्यांसाठी तरी.

---

कळफलक_ठाणे

सगळे तुकडे एकाच आकाराचे होतात त्याचं काय? हळू सुरुवात, चढत चढत कळस, मग विरत विरत शेवट. वीस तुकडे वाजवले तरी वीसही तसेच.

---

मंद्रसप्तक

हा या प्रकारातला सगळ्यात मोठा सापळा. कारण शारीरिक आहे: दोघंही दुसऱ्याला ऐकू यावं म्हणून थोडं थोडं वाढवतात, वरती गेल्यावर दमतात, दमल्यावर उतरतात. यातून सुटायला वेळ छोटा करा आणि सुरुवात बदला. एका बैठकीत नव्वद सेकंदांचे सहा तुकडे: पहिल्या सेकंदापासून पूर्ण जोर आणि घड्याळ वाजताच तोडून थांबायचं. मग तीन मिनिटांचे तीन, ज्यात एकाचा जोर वाढला की दुसऱ्याने उतरायचंच. मग सात मिनिटांचा एक, ज्यात प्रत्येकाने एकूण किमान दोन मिनिटं गप्प राहायचं, सलग नव्हे, विखरून. हे करताना कृत्रिम वाटेल. वाटू द्या, व्यायामच आहे तो. नंतर काहीही न ठरवता वाजवाल तेव्हा हात आपोआप दुसऱ्या वाटा शोधतो.

शेवटाबद्दल. 'संपलं' अशी जागा सहसा एकदा येते, दोघांनाही कळते, आणि एक जण घाबरून पुढे वाजवतो. मग खरा शेवट सापडेपर्यंत चार मिनिटं फुकट जातात. नियम करा: शांतता पडली की दहा सेकंद कुणीही हलायचं नाही. काडी खाली ठेवायची नाही, माउथपीस तोंडातून काढायचा नाही. दहा सेकंदांत कुणाला खरंच काही म्हणायचं असेल तर तो वाजवेल. नाहीतर तो शेवट होता.

---

तिस्रजाती

रेकॉर्डिंग मोबाईलवर केलं तर चालेल ना?

---

वेत_आणि_वारा

मोबाईल हळू आवाज आपोआप उचलतो आणि मोठा आवाज दाबतो. त्यामुळे कुणी कुणाला झाकलं, जोर कधी वाढला, हे सगळं खोटं ऐकू येतं. म्हणजे ज्यासाठी रेकॉर्ड करायचं तेच हातून जातं. दोन माइकचा छोटा हॅंडी रेकॉर्डर घ्या, ऑटो गेन आणि लिमिटर (आवाज आपोआप उचलणं-दाबणं) बंद, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरदार फटका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढाच गेन. रेकॉर्डर स्टँडवर, दीड मीटर उंच, दोघांपासून सारख्या अंतरावर, म्हणजे तिघांचा त्रिकोण. सॅक्स कमी येत असेल तर गेन वाढवू नका, दोघंही वाढतील. स्टँड वीतभर सॅक्सकडे सरकवा.

सॅक्सला वेगळा माइक लावायचाच असेल तर घंटेच्या तोंडात नको. घंटेतून पूर्णपणे निघतात ते खालचे दोन-तीनच स्वर, बाकीचे बाजूच्या भोकांतून येतात. अर्ध्या मीटरवरून, वाद्याच्या मधल्या कळांकडे तोंड करून लावा.

आणि सुरू करण्याआधी पंखा बंद करा. क्लिक पीस वाजवताना पंख्याची घरघर प्रत्येक टिचक्याच्या मागे ऐकू येते, आणि शेवटच्या त्या दहा सेकंदांत तर फक्त तीच उरते.